माळ्यावरची पेटी



आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू होते. त्याच सुमारास आपल्या बस्तीत आणखी एक काम दरवर्षी न चुकता निघते. पत्रा गळू लागतो आणि माळ्यावरचे सामान खाली उतरवावे लागते. फुटकी बादली, पोरगा पहिलीत असतानाचे दप्तर, बंद पडलेला मिक्सर, लग्नात आलेला आणि कधीच न वापरलेला स्टीलच्या डब्यांचा संच, दोन पिढ्यांच्या वाकळा, आणि सगळ्यात मागे भिंतीला टेकलेली आजोबांची पत्र्याची पेटी. पाऊस थांबला की हे सगळे जसेच्या तसे पुन्हा वर जाते. पेटी कोणी उघडत नाही.

यंदा ती उघडावी म्हणून हे लिहीत आहोत.

आमच्याच गल्लीतली गोष्ट आहे. नाव सांगत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत पन्नास वर्षे संसार केलेल्या एक आजी कालकथित झाल्या. त्यांचे यजमान मिलमध्ये होते, ते आधीच गेले होते. रविवारी जलदान विधी आणि पुण्यानुमोदन झाले. मोठ्या मुलाला मंगळवारी पुण्यात कामावर हजर व्हायचे होते, धाकट्याची सुट्टी संपली होती. म्हणून सोमवारी सकाळी दोघी सुनांनी आणि शेजारणींनी मिळून माळा रिकामा केला. रडत रडतच केला. भंगारवाला आला, त्याने पेटी लोखंडाच्या भावाने घेतली, आतला कागद रद्दीच्या भावाने. त्यात आम्हीही हात लावत होतो, हे कबूल केले पाहिजे. कागद वाचून बघावा असे आमच्यापैकी कोणाच्याच मनात आले नाही.

नात पुढच्या वर्षी बारावी झाली. नर्सिंगला प्रवेश घ्यायचा तर जात पडताळणीचे प्रमाणपत्र लागणार होते. घरात आधी कोणाचीच पडताळणी झालेली नव्हती. समितीपुढे ठेवायला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा हवा. तो होता, आजोबांचा गावच्या शाळेचा दाखला. त्या पेटीत होता. मग मंगळवेढा तालुक्यातल्या गावाला हेलपाटे सुरू झाले. जुने रजिस्टर शाळेत सापडेना, केंद्रावर जा म्हणाले, तिथून पुन्हा शाळेत. शेवटी रजिस्टर मिळाले, उताराही मिळाला, पण तोवर प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या होत्या. पोरगी एक वर्ष घरी बसली. धाकटी सून आम्हाला म्हणाली, "सासूबाईंनी एकदा जरी सांगितलं असतं, की पेटीत काय हाय..." आणि मग जरा थांबून, "आमी तरी कुठं इचारलं म्हणा."

चूक कोणाची, हे शोधण्यात अर्थ नाही. मरणानंतरचे आवरणे असेच होते. दुःख असते, घाई असते, पाहुणे असतात, आणि ज्या एका माणसाला कोणती वस्तू काय आहे हे ठाऊक असते तेच माणूस नसते.

स्वीडन देशात म्हातारपणी आपले घर आपणच आवरून ठेवण्याची रीत आहे आणि तिला वेगळा शब्दही आहे. मागे राहिलेल्यांना त्रास नको, हा त्यामागचा विचार. मार्गारेटा मॅग्नुसन नावाच्या बाईंनी २०१७ साली त्यावर पुस्तक लिहिले आणि ते जगभर वाचले गेले. विचार चांगला आहे. पण ते पुस्तक मोठ्या घरांतल्या, भरपूर वस्तू असलेल्या माणसांसाठी आहे. आपल्या बस्तीत अडगळ साचते ती वस्तू फार आहेत म्हणून नाही, तर गेलेली वस्तू पुन्हा घेता येईल याची खात्री नाही म्हणून. ज्या बाईने दुष्काळ पाहिला, मिलचे भोंगे बंद पडलेले पाहिले, दिवसाला शेकड्याने विड्या वळून एकेक भांडे घेतले, ती प्लास्टिकची फुटकी कळशीसुद्धा टाकून देणार नाही. तिला 'कचरा जमवते' म्हणणे बरोबर नाही.

म्हणून पहिली गोष्ट. आई किंवा सासूबाई बाजारात गेल्या असताना मागे माळा साफ करू नका. आम्ही अशी घरे पाहिली आहेत, जिथे या एका कारणावरून सहा महिने अबोला राहिला. एका आजींनी आम्हालाच सुनावले, "कशाला गं हात लावतीस? मी मेल्यावर करा काय करायचं ते." आम्ही म्हणालो, "आजी, तुम्ही गेल्यावर हे कुणाचं, ते कुणाचं, आम्हाला काय कळणार? तुम्हीच सांगा." मग त्या बोलायला लागल्या. पितळी तांब्या माहेरून आलेला. मोठे पातेले गल्लीतल्या प्रत्येक लग्नात गेलेले. दुपार गेली, वस्तू चारच हलल्या, पण सुरुवात झाली. म्हाताऱ्या माणसाबरोबर आवरायला बसायचे तर अशीच दुपार मोकळी ठेवावी लागते.

मरणाआधी वस्तूंची सोय लावणे अशुभ, असे काही घरांत अजूनही मानतात. आपल्या परंपरेत तसे काही नाही. विनयपिटकातल्या महावग्गात भिक्षूच्या मृत्यूनंतर त्याच्या वस्तूंचे काय करावे, याचे सरळ नियम आहेत. त्याची चीवरे आणि भिक्षापात्र, ज्याने आजारपणात त्याची सेवा केली त्याला संघाने द्यावे. किरकोळ वस्तू हजर असलेल्या संघाने वाटून घ्याव्यात. मोठ्या, जड वस्तू कोणा एकाच्या नाहीत, त्या चारी दिशांच्या संघाच्या. अडीच हजार वर्षांपूर्वी एवढा बारीक विचार झाला, तोही ज्यांच्याकडे मोजून आठ वस्तू असायच्या त्यांच्यासाठी. शेवटच्या आजारात ज्या सुनेने किंवा मुलीने उशाशी रात्री काढल्या, तिच्या हाती काय द्यायचे ते हयातीतच ठरवून ठेवावे, असे आम्हाला तरी यातून वाटते. बहुतेक घरांत तिच्याच वाट्याला काही येत नाही.

आता हे पान आरोग्याचे आहे, तेव्हा माळ्याखाली आणि पलंगाखाली काय लपलेले असते ते पाहू.

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. पाण्याची वाट पाहावी लागते, म्हणून प्रत्येक घरात ड्रम, टाक्या, घागरी. ते साठवणे आपल्या हातात नाही. पण फुटकी बादली, गळका ड्रम, टायर, डबडी, मोडका कूलर हे दाराबाहेर किंवा पत्र्यावर टाकून देणे आपल्या हातात आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि ती अंडी भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटून राहतात. पाणी आटले तरी कित्येक महिने मरत नाहीत. पुन्हा पाणी लागले की आठ-दहा दिवसांत डास. म्हणून ड्रम नुसता ओतून चालत नाही, आतून घासावा लागतो. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा असे आशाताई सांगतात ते याचसाठी. आणि जे भांडे पुन्हा कधी वापरायचेच नाही ते घासत बसण्यापेक्षा घंटागाडीत किंवा भंगारात गेलेले बरे.

जुन्या कापसाच्या गाद्या आणि वाकळांत धूळ आणि बारीक किडे साचतात. घरात दमेकरी असेल, किंवा वर्षानुवर्षे तंबाखूच्या धुळीत बसून विड्या वळलेली बाई असेल, तर रात्रीचा खोकला या अंथरुणामुळे वाढू शकतो. धुण्यासारखे असेल ते धुऊन सोलापूरच्या उन्हात दोन दिवस टाका. उसवलेले, कुबट वास येणारे असेल ते जाऊ द्या. आवराआवर चालू असताना दमेकऱ्याला त्या दिवशी शेजारी बसवा, तोंडाला रुमाल बांधा, झाडूऐवजी ओले फडके वापरा. माळ्यावर, लाकडांत किंवा विटांच्या ढिगात सरळ हात घालू नका, आधी काठीने हलवा. आपल्याकडे विंचू निघतो, आणि तो चावला तर मंत्र-तंत्र न करता सिव्हिलला न्यायचे.

म्हातारे माणूस रात्री उठते ते अंधारात. पलंगापासून दारापर्यंतची वाट मोकळी आहे का, एवढे आजच बघा. गोणी, पाट, शिलाई मशीन, वायर यांत पाय अडकून खुबा मोडला की ते माणूस पुन्हा पूर्वीसारखे चालेल याची खात्री राहत नाही.

औषधांची पिशवी हा वेगळाच प्रकार. प्रत्येक घरात ती खिळ्याला टांगलेली असते. आम्ही एका घरी उघडली तर त्यात कालकथित आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या निघाल्या, आणि आजी 'त्याच रंगाच्या हायत' म्हणून त्या घेत होत्या! एकाची औषधे दुसऱ्याने घ्यायची नसतात, मग रंग कोणताही असो. टीबीच्या उरलेल्या गोळ्या घरात ठेवू नका, आरोग्य केंद्रात परत द्या. मुदत संपलेल्या गोळ्यांचे काय करायचे ते औषध दुकानात किंवा आरोग्य केंद्रात विचारा. टाकायच्याच झाल्या तर पाकिटातून काढून चहाच्या चोथ्यात मिसळून, पिशवी बांधून टाका, म्हणजे पोरांच्या किंवा जनावरांच्या हाती लागणार नाहीत. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या घरात माळ्यावर हात ठेववत नाही, तिथे ठेवलेल्या चालू गोळ्यांचाही गुण कमी होतो. त्या खाली, सावलीत, कोरड्या डब्यात ठेवाव्यात.

इतके बाहेर गेले की पेटी उरते. इथे मात्र हात सावकाश.

बाबासाहेबांच्या कागदपत्रांची हकीकत आपल्यापैकी अनेकांना अर्धीच माहीत असते. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत २६, अलीपूर रोड येथे त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आदल्या रात्रीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'ची प्रस्तावना त्यांनी उशाशी मागवून घेतली होती. ग्रंथ १९५७ साली निघाला, पण ती प्रस्तावना त्यात छापली गेली नाही. ती अनेक वर्षांनी प्रसिद्ध झाली. आणि अप्रकाशित हस्तलिखिते? पुढे घर खाली करण्याच्या वादात कागद खोलीबाहेर अंगणात पडले आणि काही पावसात भिजले. उरलेले सरकारी ताब्यात पेट्यांत बंद राहिले. ते मिळावेत म्हणून ॲड. जे. बी. बनसोड यांना न्यायालयात जावे लागले. त्या पेट्या महाराष्ट्र शासनाच्या वतीने वसंत मून यांच्या हाती आल्या तेव्हा १९८१ साल उजाडले होते, म्हणजे पंचवीस वर्षे गेली होती. शासनाच्या ग्रंथमालेचे जे खंड आज आपल्या विहारांत आहेत, त्यांतले कितीतरी लेखन अशा सुट्या पानांतून, अर्धवट प्रकरणांतून जुळवलेले आहे. काय भिजून गेले, ते कोणालाच सांगता येणार नाही.

आपल्या आजोबांच्या पेटीत ग्रंथ नसेल. पण 'जनता' किंवा 'प्रबुद्ध भारत'चा एखादा अंक असू शकतो. जलशातल्या गाण्यांची वही असू शकते. परिषदेचा, धम्मदीक्षेच्या वेळचा फोटो असू शकतो. हे रद्दीत घालू नका. फोटोमागे पेन्सिलीने नावे लिहून घ्या, ओळखणारे माणूस समोर आहे तोवर.

आणि कागद. मुलांच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचा कागद म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला किंवा गावच्या कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नक्कल, १० ऑगस्ट १९५० च्या आधीची. जुन्या कागदावर जात 'महार' असते, पुढच्या पिढीच्या दाखल्यावर 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध'. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्राने १९९० साली दिल्या. पण जुन्या पिढीची जात आणि आपली जात एकच, हे दाखवणारा दुवा तो पिवळा पडलेला कागदच असतो. वडील, काका, सख्खा भाऊ यांच्यापैकी कोणाची पडताळणी झालेली असेल तर त्या प्रमाणपत्राची प्रतही जपून ठेवा, पुढच्यांचे काम पुष्कळ सोपे होते.

मग मिलचे कागद. लक्ष्मी-विष्णू असो, जुनी मिल असो, भविष्य निर्वाह निधीच्या पावत्या, हजेरी कार्ड, आणि पेन्शन चालू असेल तर पीपीओ नंबर. पेन्शनर गेल्यावर त्याच्या पत्नीला पेन्शन मिळते, पण नंबरच माहीत नसेल तर ती किती दारे झिजवणार? विडी कामगारांचे ओळखपत्र आणि पासबुक तसेच. गावाकडे वतनाची जमीन असेल तर जुना सातबारा आणि रीग्रँटची पावती. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने गेली आणि जमिनी वतनदारांना पुन्हा मंजूर झाल्या, त्या व्यवहाराचे कागद बऱ्याच घरांत 'गावचा कागद' म्हणून नुसते गुंडाळून ठेवलेले असतात.

बँकेचे पासबुक भरून घ्या आणि नीट वाचा. मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपये वजा झालेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना आहे. विमा चालू असताना ५५ वर्षांच्या आत मृत्यू झाला तर वारसाला २ लाख रुपये मिळतात. २० रुपये वजा झालेले असतील तर तो अपघात विमा. कितीतरी घरांत माणूस गेल्यावरही कोणाला याची कल्पना नसते आणि दावा होतच नाही. ज्या खात्यात दहा वर्षे व्यवहार नाही त्याचे पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. ते बुडत नाहीत, वारस मागू शकतात, पण मागण्यासाठी खाते होते हे तरी ठाऊक हवे.

एक काम मात्र माणूस हयात असतानाच होते. आधारवर 'सुमन', पासबुकात 'सुमनबाई', रेशनकार्डावर भलतेच आडनाव, असे घरोघरी आहे. जिवंत माणूस स्वतः जाऊन हे दुरुस्त करू शकते. मागे राहिलेल्याला त्यासाठी प्रतिज्ञापत्रे करत फिरावे लागते. त्याच फेरीत बँकेत वारसाचे नाव लागले आहे का तेही पाहून घ्यावे. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, हेही घरातल्या एका तरी माणसाला माहीत असावे. घर नावावर असेल आणि मुलांत वाद होईल अशी शंका असेल तर इच्छापत्र साध्या कागदावरही करता येते. स्टँप पेपर लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर सही किंवा अंगठा, आणि त्या दोघांच्या सह्या. ज्यांना वाटा मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये.

जुना कागद लॅमिनेट करू नका. चिकटलेला कागद पुन्हा सुटत नाही आणि मूळ प्रत म्हणून तपासायला अडचण येते. दोन झेरॉक्स काढा, मोबाईलमध्ये फोटो काढून मुलीच्या आणि मुलाच्या, दोघांच्याही फोनवर पाठवा. मूळ कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत, कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह, म्हणजे कसर लागत नाही. आणि पेटी माळ्यावर नको. पत्रा तिथेच गळतो.

'मी मेल्यावर करा' म्हणणाऱ्या त्या आजींकडे आम्ही पुढे चार दुपारी गेलो. मोठे पातेले त्यांनी विहाराला दिले, वैशाख पौर्णिमेच्या खिरीला होईल म्हणून. स्टीलच्या डब्यांचा संच नातीच्या संसाराला. पाच साड्यांची एक नवी वाकळ झाली, बाकीच्या बोहारणीला गेल्या आणि त्यातून एक पातेली आली, त्यावर आम्ही सगळ्या हसलो. पेटीत शेवटी एक पिशवी कागद, एक फोटो आणि यजमानांचा मिलचा जेवणाचा डबा राहिला. झाकण बसत नाही, कडी तुटलेली. डबा काढू का, असे नातीने विचारले. "त्याला हात लावायचा न्हाई," आजी म्हणाल्या. मग पिशवीत काय काय आहे ते नातीने वहीच्या पानावर लिहिले, पान झाकणाला आतून चिकटवले, आणि पेटी पलंगाखाली, भिंतीकडे नव्हे तर पुढच्या बाजूला सरकवली.